भिंतीवरचा स्वच्छ चौकोन

१

बुधवारी सकाळी सिस्टरनी कपाट उघडलं, आत पाहिलं आणि मागे न वळता विचारलं, "फाइल कोणी घेतलीय?"

खोलीत तेव्हा तिघं होते. सिस्टर, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सबाई. वेल्डर, जो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वेल्डरच होता. आणि दारात, अजून चपला न काढलेले, मिस्टर.

त्यांना इथे सगळे मिस्टरच म्हणत. ते स्वतः कारखान्यात कधीच नव्हते. त्यांची बायको तिथे टेलिफोन ऑपरेटर होती, ऑपरेटरबाई. निवृत्तांच्या या मंडळाच्या आरोग्य विम्यात तिच्या नावामागे त्यांचं नाव लागलं होतं. ती जाऊन सात आठवडे झाले होते. तेव्हापासून ते आज पहिल्यांदा या खोलीत येत होते. खिशात चार घड्या घातलेला एक कोरा फॉर्म होता. तो भरायचा म्हणून रोज टेबलावर काढत आणि रोज परत घडी घालत.

"कुठली फाइल?" त्यांनी विचारलं.

"फॉर्मांची. एकेचाळीस जणांच्या सह्यांची," सिस्टर म्हणाल्या. "काल दुपारी होती. मी स्वतः बघितली."

वेल्डर खुर्चीतून उठला. मोठा माणूस, पण उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. "सिस्टर, नीट बघा. खाली पडली असेल."

"फाइल आहे ती, टाचणी नाही पडायला."

"माझ्या बायकोचा फॉर्म आहे त्यात."

वेल्डरच्या बायकोच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत मुख्य कार्यालयाच्या खिडकीवर पोचले नाहीत, तर ज्याचा फॉर्म नाही त्याचं नाव सामूहिक विम्यातून कायमचं गळणार होतं.

"मिस्टर," वेल्डर म्हणाला, "तुम्ही तर विमा कंपनीतच होता. समजा नाहीच सापडली. बाहेरून नवी पॉलिसी काढली तर?"

मिस्टरांनी आयुष्यभर क्लेमचे कागद वाचले होते. मंजूर करा, नामंजूर करा, अमुक कागद मागवा. खोटं बोलून धीर देणं त्यांना जमत नसे.

"काढता येईल," ते म्हणाले. "पण झडपेचं दुखणं आधीपासूनचं. नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षं काही मिळत नाही. आपल्या सामूहिक विम्यात ती अट नाही, म्हणून तर तो सोडायचा नसतो."

"ऑपरेशनशिवाय डॉक्टर तीन महिने म्हणतात."

मिस्टरांनी चपला काढून दाराशी ठेवल्या.

"तुमचं डोकं या कामाचं आहे," वेल्डर म्हणाला. "तुम्ही शोधा. तुमच्या घरच्या भरवशावर तर सह्या केल्या आम्ही."

त्या वाक्याचा अर्थ मिस्टरांना तेव्हा लागला नाही. बायको इथे फॉर्म भरायला मदत करायची, त्याबद्दल म्हणत असेल, असं त्यांना वाटलं.

२

त्यांनी कपाट पाहिलं. लोखंडी, हिरवं, जुनं. कुलूप धड होतं, कडी वाकलेली नव्हती. म्हणजे किल्लीनेच उघडलेलं.

"किल्ल्या किती?"

"तीन," सिस्टर म्हणाल्या. "एक माझ्याकडे. एक भाऊंकडे." भाऊ म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म घालवलेले. "आणि तिसरी..." त्या थांबल्या.

"बोला की."

"तिसरी तुमच्या घरी. बाईंची."

मिस्टरांनी मान हलवली. बायकोची पर्स अजून दाराच्या मागच्या खुंटीला तशीच होती. त्यांनी ती उघडली नव्हती.

"म्हणजे मीही संशयित."

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हणायला हवं. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा मलाच विचारलं असतं."

त्यांनी कपाटाचे कप्पे पाहिले. मधल्या कप्प्यात फाइली उभ्या लावलेल्या होत्या, पुस्तकांसारख्या. पाचव्या आणि सहाव्या फाइलीच्या मध्ये फट होती, पण शेजारच्या फाइली त्या फटीत कलंडल्या नव्हत्या. तिथे एक करड्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा होता. त्यांनी तो काढून दोन्ही बाजूंनी पाहिला. कोरा. परत होता तसा ठेवला.

मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीचा रंग धुरकटलेला होता, पण मधोमध एक चौकोन स्वच्छ होता, मोठ्या कॅलेंडरएवढा. चार कोपऱ्यांना टाचण्यांची चार भोकं.

"इथे काय होतं?"

सिस्टरनी वळून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अरेच्चा. बाईंचा तक्ता होता. कालपर्यंत होता."

"कसला तक्ता?"

"विम्याचे पर्याय समजावून सांगणारा. क, ख, ग. छापील परिपत्रक कोणाला कळतंय? बाईंनी सोप्या भाषेत लिहून दिलं होतं. तुम्ही वाचला नाहीत कधी?"

"तयार होताना पाहिला होता," मिस्टर म्हणाले.

तो दिवस त्यांना नीट आठवत होता. जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरून, पट्टी धरून ती रेघा मारत होती. समोर बसून ते तिचा रक्ताचा रिपोर्ट वाचत होते, तिसऱ्यांदा, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर आकडे बदलणार होते. ती मध्ये काहीतरी बोलली होती आणि त्यांनी हो म्हटलं होतं.

फाइल चोरणाऱ्याने तक्ता का न्यावा? सह्यांचे कागद कोणाच्या तरी उपयोगाचे असतील. कॅलेंडरच्या मागे हाताने लिहिलेला तक्ता कोणाच्या कामाचा?

३

भाऊ साडेअकराला आले. बारीक, ताठ, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. फाइल गेल्याचं ऐकून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग सगळ्यांना परत फॉर्म भरावे लागतील."

ना आरडाओरडा, ना शोधाशोध. सिस्टर मात्र भडकल्या.

"भाऊ, परत भरायला फॉर्म कुठायत? छापील सगळे संपले!"

"मी मुख्य कार्यालयात सांगितलंय. उद्या येतील."

"कधी सांगितलंत?"

"आत्ता... येताना."

मिस्टर ऐकत होते. फाइल गेल्याचं त्यांना इथे आल्यावर कळलं होतं, मग येताना नवे फॉर्म कशाला मागितले? पण माणूस गोंधळला की असं बोलून जातो. क्लेमच्या कागदांत त्यांनी याहून विसंगत गोष्टी खऱ्या निघालेल्या पाहिल्या होत्या. एका वाक्यावर कोणाला धरायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

"भाऊ, काल शेवटचं कुलूप कोणी लावलं?"

"मी. पाचला."

"त्याआधी खोलीत कोण कोण येऊन गेलं?"

भाऊ जरा थांबले. "सिस्टर होत्या दोनपर्यंत. मग तो एजंट आला. त्याला बसवून मी पाणी भरायला गेलो. दहा मिनिटं."

"बघा!" वेल्डरने टेबलावर हात आपटला. "मी म्हणत नव्हतो? महिनाभर घिरट्या घालतोय तो. सामूहिक विमा बुडाला की एकेकाच्या गळ्यात नवी पॉलिसी बांधायला मोकळा."

"कपाट उघडं होतं का?" मिस्टरांनी विचारलं.

"उघडंच होतं," भाऊ म्हणाले. त्यांनी मिस्टरांकडे पाहिलं नाही. सात आठवड्यांपूर्वी हेच भाऊ त्यांचा हात हातात धरून तासभर नुसते बसले होते.

"आणि तक्ता?"

"कुठला?"

"भिंतीवरचा."

"तो... पाणी उडालं त्याच्यावर. शाई पसरली. मी काढून टाकला."

मिस्टरांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. स्वच्छ चौकोनाच्या कडा कोरड्या होत्या आणि भिंतीवर पाण्याचा एकही ओघळ नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरची पर्स काढली. तिसरी किल्ली आतल्या कप्प्यात होती. तिच्याबरोबर निळ्या कव्हरची एक छोटी वही निघाली. सगळे टेलिफोन नंबर, तिच्या बारीक, सरळ अक्षरात. वही उघडून त्यांनी लगेच मिटली.

४

एजंटची कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. पस्तिशीचा माणूस, टाय सैल केलेला. मिस्टरांना पाहून तो उठून उभा राहिला.

"काका, बसा. बाईंचं कळलं. फार वाईट वाटलं."

"फाइल चोरीला गेली," मिस्टर म्हणाले. "काल दहा मिनिटं तुम्ही तिथे एकटे होता."

"आणि मी चोरली, असं वेल्डरकाका म्हणतात."

"म्हणतात."

एजंट हसला, पण त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "काका, तुम्ही या धंद्यातले. तुम्हीच सांगा, फाइल गायब करून माझा फायदा काय? ज्यांना आधीचे आजार आहेत त्यांना मी नवी पॉलिसी देऊन काय करू? तीन वर्षं क्लेम मिळाला नाही की रस्त्यात गाठून शिव्या घालतील. उलट फाइल जशी होती तशी शुक्रवारी पोचली असती, तर मला काम होतं."

"कसलं काम?"

"मूळ पॉलिसी विकायचं. तुमच्या लोकांतल्या सत्तावीस जणांनी पर्याय ग घेतलाय, टॉप-अप. त्यांना आता खालची मूळ पॉलिसी लागणार ना."

मिस्टरांना क्षणभर काही कळलं नाही. "मूळ विमा त्यांच्याकडे आहेच. सामूहिक. टॉप-अप त्याच्या वर."

एजंटने त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलाचा खण उघडून त्याने मंडळाच्या परिपत्रकाची प्रत काढली आणि उलटी करून समोर ठेवली.

"मागचं पान वाचलं नाहीत का, काका?"

बारीक अक्षरात सात टिपा होत्या. सहावी टीप मिस्टरांनी दोनदा वाचली. पर्याय ग निवडणाऱ्या सभासदाचा मूळ सामूहिक विमा त्या तारखेपासून संपुष्टात येईल. टॉप-अप विम्यातून ठरावीक रकमेच्या वरचाच खर्च मिळेल, आणि सभासदाने खालच्या रकमेची सोय स्वतः करावी. एकदा घेतलेला पर्याय बदलता येणार नाही.

टॉप-अप म्हणजे वरचा मजला. तळमजला आहे असं समजून सत्तावीस जणांनी वरच्या मजल्यावर सही केली होती आणि तळमजला पाडायची परवानगी त्याच सहीत दिली होती.

"वेल्डरने काय घेतलंय?"

"ग. आजार मोठा असेल त्यांनी ग घ्यावा, असं तक्त्यात लिहिलं होतं ना. तो वाचूनच मी हबकलो. काल लगेच सांगितलं."

"कोणाला?"

"भाऊंना. ते एकदम पांढरे पडले. पाण्याची बादली हातातून सुटली त्यांच्या. सत्तावीस हा आकडा त्यांनीच मोजून सांगितला मला."

५

मिस्टर तिथून निघाले आणि पुन्हा मंडळाच्या खोलीवर गेले. सिस्टर अजून होत्या. सगळी कपाटं उपसून बसलेल्या.

"सिस्टर, एक सांगा. तुम्ही या कप्प्यातून फाइल काढता, तेव्हा तिच्या जागी काय ठेवता?"

"काय ठेवायचं? काही नाही. त्यावरून भाऊ ओरडतात. त्यांची स्टोअरची सवय. रॅकमधून नट काढला तरी जागेवर कार्ड ठेवायचं, कोणी नेला, किती नेले. इथेही पुठ्ठे कापून ठेवलेत त्यांनी."

मिस्टरांनी फटीतला करडा तुकडा काढून टेबलावर ठेवला. सिस्टरनी तो पाहिला. मग मिस्टरांकडे पाहिलं.

"कोरा आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"चोर पुठ्ठा ठेवत नाही. तुम्हीही ठेवला नसता, एजंटनेही नाही. माझ्या घरची किल्ली पर्सबाहेर आलेली नाही, आणि मला ही पद्धत आजच कळली. ज्याने काढली त्याच्या हाताने आपोआप पुठ्ठा ठेवला. लिहायचं मात्र त्याने टाळलं, कारण लिहिलं असतं तर खरं लिहावं लागलं असतं."

"भाऊ?" सिस्टर खाली बसल्या. "पण का? हे मंडळ म्हणजे त्यांचा जीव आहे. वेल्डरच्या बायकोला दवाखान्यात न्यायला तेच जातात."

"म्हणूनच," मिस्टर म्हणाले. "दिवसभर मी हाच विचार करत होतो की हे फॉर्म पोचू नयेत असं कोणाला वाटतं. प्रश्नच चुकीचा होता. हे फॉर्म असेच्या असे पोचू नयेत, असं कोणाला तरी वाटत होतं."

६

भाऊंचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. स्वयंपाकघर दारातूनच दिसत होतं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर तारीख.

"या, भावजी. सकाळपासून जेवले नाहीत हे," त्या म्हणाल्या. "मीठ संपलं तरी चिठ्ठी लावणारा माणूस, आणि आज दोनदा चष्मा शोधला, डोक्यावर असताना. तुम्ही तरी बोला."

भाऊ खिडकीशी बसले होते. मिस्टरांनी करडा पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. भाऊंनी त्यावरून बोट फिरवलं.

"सवय," ते म्हणाले. "आज सकाळी लक्षात आलं. परत जाऊन काढावा म्हटलं, पण तोवर सिस्टर आल्या असतील असं वाटलं."

"एजंटने सांगितलं मला. सहावी टीप."

भाऊंनी उठून वरच्या फळीवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल काढली. सुरकुतीसुद्धा नव्हती.

"सत्तावीस आहेत," ते म्हणाले. "मोजलेत. बाकीचे चौदा ठीक आहेत. मी म्हटलं, फाइल हरवली म्हणू. लोक थोडं बोलतील मला, बोलू देत. उद्या नवे फॉर्म आले की घरोघर जाऊन सह्या घेईन आणि खूण मीच करीन, क वर. कोणाला कळायचं कारण नाही."

"पुन्हा न सांगताच सही?"

"हो."

"भाऊ, असंच तर झालं ना? काय लिहिलंय ते न वाचता सत्तावीस जणांनी सही केली. आता तेच तुम्ही दुसऱ्यांदा करून घेणार."

"मग काय करू?" भाऊंचा आवाज चढला. आतून त्यांच्या बायकोने डोकावून पाहिलं. "सभेत उभा राहून सांगू, की बाईंचा तक्ता चुकला? तुमच्यासमोर? बाई जाऊन दोन महिने नाही झाले. अहो, त्या फोनवर 'थांबा, जोडून देते' म्हणाल्या की माणूस अर्धा तास धरून राहायचा. त्यांनी सांगितलं म्हणून डोळे मिटून सह्या केल्या लोकांनी. आता त्यांच्यामागे त्यांना कोणी एक शब्द बोललेला मला चालणार नाही."

"तक्ता कुठाय?"

"फेकला."

"तुम्ही साधा पुठ्ठा फेकत नाही. तक्ता दाखवा."

"मिस्टर, नको."

"भाऊ."

भाऊ आत गेले आणि कॅलेंडरची गुंडाळी घेऊन आले. ती देताना त्यांनी हात लगेच सोडला नाही.

मिस्टरांनी ती पलंगावर पसरली. रेघा सरळ होत्या. क: आहे तो विमा, दोघांसाठी. ख: आहे तो विमा, एकट्यासाठी. ग: आहे तो विमा, आणि वरून मोठी भर, आजार मोठा असेल त्यांनी हाच घ्यावा. कुठे खाडाखोड नव्हती. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, कंसात, बारीक अक्षरात तिने आणखी एक ओळ लिहिली होती.

(ग बद्दल आमच्या ह्यांना विचारून खात्री केली आहे.)

मिस्टर पलंगाच्या कडेला बसले.

टेबलावर रक्ताचा रिपोर्ट होता. समोर ती पट्टी धरून. "अहो, टॉप-अप म्हणजे मूळ विमा राहून वर भर, ना?" परिपत्रक तिच्या कोपराखाली होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. कचेरीत तीस वर्षांत त्यांनी कागद न बघता एकही उत्तर दिलं नव्हतं. कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही, हे वाक्य ते इतकं म्हणत की ती त्यांना त्यावरून चिडवायची. त्या दिवशी त्यांनी रिपोर्टवरून डोळेसुद्धा उचलले नव्हते. "हो, वरची भर. बरोबर."

पान उलटण्याऐवजी तिने नवऱ्याला विचारलं होतं.

"ती ओळ तुम्ही वाचू नये म्हणून काढला," भाऊ म्हणाले. "फाइलीचं काहीतरी जमवलं असतं. पण ही ओळ... तुमचं आधीच इतकं गेलंय."

भाऊंच्या बायकोने पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि काही न विचारता परत गेल्या.

७

गुरुवारी मुख्य कार्यालयातून नवे फॉर्म आले नाहीत. शिपाई रजेवर, सोमवारी बघू, असं उत्तर आलं. भाऊ फोन ठेवून डोकं धरून बसले.

मिस्टरांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर हाताने सपाट केला.

"हा कोरा आहे," ते म्हणाले. "माझाच. याच्या प्रती चालतील, मी विचारलंय. सही मात्र प्रत्येकाची हवी."

एजंटने दुकानाच्या मशीनवर सत्तावीस प्रती काढून दिल्या, दोन्ही बाजूंनी. वेल्डर समोर बसला होता. त्याला मिस्टरांनी सगळं आधीच सांगितलं होतं, एकट्याला, काही न लपवता. वेल्डर बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला होता. मग म्हणाला होता, "मिस्टर, मी आत्ता काही बोलत नाही. शुक्रवार जाऊ दे." आणि प्रती लावायला बसला होता.

मिस्टरांनी निळी वही उघडली. फोन पुढे ओढला. तिच्या अक्षरातला पहिला नंबर लावला.

"नमस्कार. ऑपरेटरबाईंचा नवरा बोलतोय. तुम्ही विम्याचा पर्याय ग घेतलाय, त्याबद्दल. नाही, ऐकून घ्या आधी. त्यात तुमचा जुना विमा जातो. मागच्या पानावर लिहिलंय. मी वाचून दाखवतो, तुम्ही ऐका, मग ठरवा. ठरवायचं तुम्ही."

सव्वीस जणांना त्यांनी सहावी टीप वाचून दाखवली. काहींना दोनदा. एकजण भांडला. एका बाईंनी मध्येच फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी स्वतः केला. आठव्या-नवव्या फोननंतर सिस्टरनी बोटाने खुणावलं, की आता मी करते. मिस्टरांनी नकारार्थी मान हलवली.

शेवटचा फोन वेल्डरच्या घरी. वेल्डरने स्वतः घरी काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, की ते काम तुमचं.

वेल्डरच्या बायकोचा श्वास आधी ऐकू आला, मग आवाज. सगळं ऐकून ती म्हणाली, "पण भावजी, बाईंनी सांगितलं होतं. बाई चुकीचं कसं सांगतील?"

समोर वेल्डर बसला होता. भाऊंनी खिडकीकडे तोंड केलं.

"ती चुकली नाही," मिस्टर म्हणाले. "तिने मला विचारलं होतं. चुकीचं मी सांगितलं."

"मग आता बरोबर सांगा," ती म्हणाली.

त्यांनी मागचं पान उलटलं आणि पहिल्या टिपेपासून वाचायला सुरुवात केली.

८

गुरुवारची रात्र आणि शुक्रवारची सकाळ भाऊ, सिस्टर आणि वेल्डर घरोघर सह्या घेत फिरले. शुक्रवारी पावणेचारला खिडकीवरच्या कारकुनाने गठ्ठा मोजला. वेल्डरच्या बायकोचा फॉर्म सगळ्यात वर होता, क वर ठळक खूण. त्यावर शिक्का पडला. पोच वेल्डरच्या हातात आली, तेव्हा त्याने ती भाऊंना दाखवली, मग सिस्टरना, मग थोडं थांबून मिस्टरांना. पोच घडी न घालता खिशात ठेवली.

"बेचाळीस," कारकून म्हणाला. "पण हा शेवटचा अर्धवट आहे. जोडीदाराचा रकाना रिकामा." त्याने फॉर्म खिडकीतून परत सरकवला. घड्यांच्या खुणा त्यावर अजून होत्या. "हयात, मयत. लागू नसेल ते खोडायचं. एवढंच राहिलंय, आजोबा. पटकन करा."

भाऊंनी खिशातून पेन काढून दिलं.

मिस्टरांनी पेन घेतलं, पण लिहिलं नाही. आधी फॉर्म उलटा केला. मागच्या सातही टिपा, एक ओळ न सोडता, सावकाश वाचल्या. कारकुनाने एकदा घड्याळाकडे पाहिलं. रांगेतलं मागचं कोणीतरी खाकरलं. भाऊ वळून त्या माणसाला म्हणाले, "थांबा जरा."

वाचून झाल्यावर त्यांनी कागद सरळ केला आणि 'हयात' या शब्दावर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली.